परमनंटलीचं वाक्य

आमच्या कोथरूडच्या घराला दार एकच होतं आणि ते वर्गात उघडायचं. खरं तर ती आमची बाहेरची खोली. पण सकाळी एकदा आणि संध्याकाळी दोनदा तिचा वर्ग व्हायचा, आणि तो सुरू असताना घरातल्या माणसांनी एक तर बाहेर असायचं, नाही तर आत. मध्ये ये-जा नाही. बाबांनी शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली होती आणि ते इंग्रजी बोलायला शिकवायचे. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. यवतमाळ, अकोला, वाशीमकडची मुलंमुली कर्वेनगरात खोल्या करून राहायची. प्रोग्राम उत्तम लिहायची, पण मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्यं सांगा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ती सगळी आमच्याकडे यायची. त्यांच्या चपला जिन्यावरून उतरत उतरत खालच्या मजल्यावरच्या लिमयेकाकांच्या दारापर्यंत जायच्या. लिमयेकाका बँकेतून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ. त्या चपलांकडे बघून ते मला विचारायचे, "तुमच्याकडे आज कुणाचं लग्न आहे का?"

आईचा स्वयंपाक वर्गाच्या वेळापत्रकावर चालायचा. मिरचीची फोडणी वर्गात गेली तर सगळी बॅच खोकायला लागायची, म्हणून फोडण्या दोन बॅचच्या मध्ये. कुकरच्या शिट्ट्या पहिली बॅच यायच्या आधी. वर्ग सुरू असताना पोळ्या, भाजी निवडणं, दूध तापवणं अशी मुकी कामं. त्यामुळे संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोळी लाटल्याचा आवाज आणि बाहेरून पंधरावीस गळ्यांतून एकदम उठणारं इंग्रजी, हे दोन्ही मिसळून कानावर यायचं. बाबा एक वाक्य म्हणायचे आणि वर्ग ते तसंच म्हणायचा. आईला त्यातलं बरंचसं पाठ झालं होतं. पोळी तव्यावर टाकता टाकता तिचे ओठ हलत असायचे आणि मी बघितलं की ती गप्प व्हायची.

बाबांचा एक नियम होता. उदाहरण म्हणून दिलेलं वाक्य खरं असलं पाहिजे. पुस्तकात असतात तशी वाक्यं, म्हणजे राम रोज बागेत जातो वगैरे, त्यांना अजिबात खपायची नाहीत. कुठला राम, कुठली बाग, असं ते विचारायचे. खोटं वाक्य तोंडात बसत नाही, ते फक्त पाठ होतं, हे त्यांचं ठाम मत. आणि खरी वाक्यं आणायची कुठून, तर आमच्या घरातून. 'ऑलवेज'साठी 'माय वाइफ ऑलवेज पुट्स जॅगरी इन द आमटी'. 'हार्डली एव्हर'साठी 'आय हार्डली एव्हर गो टू वेडिंग्ज'. 'स्टिल'साठी 'माय सन इज स्टिल अफ्रेड ऑफ लिझर्ड्स'. हा सन म्हणजे मी. कॉलेजात जायला लागल्यावरही औषधाच्या दुकानातला मुलगा, बाबांचा जुना विद्यार्थी, मला गोळ्या देताना गंभीरपणे विचारायचा, की पालीचं काय झालं. वस्तुस्थिती बदलली की बाबा वाक्यही बदलायचे. लिमयेकाका रोज संध्याकाळी शीळ घालत जिना उतरायचे, ते 'युज्वली'चं वाक्य होतं. त्यांना दातांची कवळी बसली, शीळ बंद झाली, आणि बाबांनी पुढच्याच बॅचला नवं वाक्य दिलं. लिमयेकाकांना हे कधी कळलं नाही.

'परमनंटली' हा शब्द बाबांना आवडायचा, कारण तो सगळेच चुकीचा वापरायचे. एकदा एक मुलगा म्हणाला, आय हॅव हेडेक परमनंटली. बाबा म्हणाले, "मग आता उपाय नाही. ते आपलंच समजा." बराच काळ म्हणजे परमनंटली नव्हे, सारखं सारखं म्हणजे परमनंटली नव्हे, हे ते समजावून सांगायचे. नोकरीत परमनंट झालो असं लोक म्हणतात, त्यात नोकरी कायम असते की माणूस, हे मालकाला विचारावं लागतं, असंही म्हणायचे. शेवटी अर्थ सांगायचे तो असा, की ज्याची परत वाट बघणं आपण सोडून दिलेलं असतं, तिथे परमनंटली वापरावं. वाक्य होतं 'वी हॅव लेफ्ट शनिवार पेठ परमनंटली'. तिथल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही कोथरूडला आलो, तेव्हापासून ते वाक्य पक्कं होतं. मग मी अमेरिकेला गेलो.

मी गेलो त्याचा केवढा गाजावाजा झाला हे आठवलं तरी आज कानाची पाळी गरम होते. आमच्या सोसायटीतून अमेरिकेला जाणारा मी पहिला. गच्चीवर सतरंज्या घालून कार्यक्रम झाला, बटाटेवडे आणि जिलबी, अध्यक्षांचं भाषण, आणि बायकांनी मला ओवाळलंसुद्धा. आईने मला निरोप देताना एकही टिपूस काढलं नाही. उलट मी निघाल्यावर तिने माझी कॉट भंगारवाल्याला दिली, कारण आतल्या खोलीत बाबांचे जादा बाक ठेवायला जागा हवी होती. स्वेटर वॉचमनच्या मुलाला दिले. तिकडे पोचल्यावर फोनवर तिने हे सगळं सांगितलं, आणि म्हणाली, की तुझं वाक्य झालंय. बाबांनी शनिवार पेठ काढून टाकली होती. आता वर्ग म्हणत होता, 'माय सन हॅज गॉन टू अमेरिका परमनंटली'. मला फोनवर हसू आलं आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीही. पालीच्या वाक्यातून मी या वाक्यात बढती मिळवून गेलो होतो.

वर्षभराच्या आत मी परत आलो. तिकडच्या कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हा एका शुक्रवारी आम्हाला एका खोलीत बोलावून पाण्याच्या बाटल्या देण्यात आल्या आणि सोमवारपासून येऊ नका असं फार गोड शब्दांत सांगण्यात आलं. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे थांबायचा प्रश्न नव्हता. आता माझ्या मुलीच्या पिढीत नोकरी गेली की मुलं ती बातमी स्वतःच सगळ्या जगाला कळवतात आणि खाली ओळखीचे-अनोळखी लोक धीर देतात. मी तिला आमच्या वेळचं सांगतो तेव्हा तिला कळतच नाही की यात लपवण्यासारखं काय होतं. आम्हाला मात्र नोकरी जाणं म्हणजे आपण काहीतरी चोरताना सापडल्यासारखं वाटायचं. त्यातून मी तर गच्चीवर ओवाळून घेऊन गेलेला.

घरी मी फोनवर आधी सांगितलं होतं, त्यामुळे आईने तयारी करून ठेवली होती. मी पहाटे उतरलो, आंघोळ करून झोपलो, आणि उठेपर्यंत तिने गॅलरीतून सगळ्या सोसायटीला कळवून टाकलं होतं, की मकरंद रजेवर आलाय. मला हे कळलं ते लिमयेकाकू खालून भेटायला आल्या तेव्हा. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी आईकडे बघितलं, आई म्हणाली, बघू, आहे महिनाभर. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही.

मग सुरू झालं ते रजेचं नाटक. पहिले आठ-दहा दिवस मला पाहुण्यासारखं जेवण मिळालं. अळूवड्या झाल्या, साबुदाण्याची खिचडी झाली, एके दिवशी पुरणपोळीसुद्धा झाली. हळूहळू ताटात पोळी आणि गवारीची भाजी यायला लागली, आणि मला कळलं की आईच्या लेखी माझी रजा संपली. बाहेर मात्र ती सुरूच होती. आतल्या खोलीत कॉट नव्हती, म्हणून मी बाकांच्या मधल्या जागेत गादी टाकून झोपायचो. सकाळची बॅच यायच्या आत बाहेर पडायचो, कर्वेनगरातल्या एका सायबर कॅफेत बसून कंपन्यांना मेल पाठवायचो, लोक ऑफिसला गेल्यावर परत यायचो आणि संध्याकाळी दोन्ही बॅच संपेपर्यंत आत कोंडून राहायचो. वर्गाला मी दिसता कामा नये, कारण वर्गाच्या दृष्टीने मी अमेरिकेत होतो. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचो. बाथरूमला जायचं असेल तर दोन बॅचच्या मधली वेळ साधायचो, आणि त्याच वेळी आईची फोडणी चाललेली असायची, त्यामुळे डोळ्यांत पाणी यायचं आणि ते कशाचं आहे हे मलाच नीट सांगता आलं नसतं. दोनेक महिने गेल्यावर लिमयेकाका जिन्यात भेटले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "अमेरिकेत रजा बऱ्याच देतात हो. आमच्या बँकेत अशी सोय नव्हती." मी हसलो. ते हसले नाहीत.

या सगळ्या दिवसांत बाबा मला काहीच बोलले नाहीत. रागावले नाहीत, धीर दिला नाही, नोकरीचं काय हेही विचारलं नाही. मी समोर आलो की ते चष्मा पुसायला घ्यायचे. मी त्याचा सरळ अर्थ लावला, की मी त्यांची मान खाली घातली. शाळेत, नातेवाइकांत, वर्गात ज्या मुलाचं नाव त्यांनी मिरवलं, तो आता आतल्या खोलीत उशीत तोंड घालून खोकत होता. आईची लाज बोलकी होती, तिचं मला एवढं वाटायचं नाही. बाबांची मुकी होती आणि ती मला भिंतीतूनसुद्धा जाणवायची.

त्यातच संध्याकाळच्या पहिल्या बॅचला परमनंटलीचा दिवस आला. मला तो येणार हे माहीत होतं, कारण आदल्या दिवशी 'टेम्पररिली' झालं होतं आणि बाबांचा क्रम कधी चुकायचा नाही. मी गादीवर बसून ऐकत होतो. मनात म्हणत होतो, बाबा शनिवार पेठ परत काढतील. ते वाक्य अजून खरं होतं आणि कुणाचं काही बिघडवणारंही नव्हतं. फळ्यावर खडू चालल्याचा आवाज आला, मग थांबला. पुन्हा चालला. मग बाबांचा खणखणीत आवाज आला, "माय सन हॅज गॉन टू अमेरिका परमनंटली." आणि त्यांच्या मागून सगळा वर्ग तेच म्हणाला.

ज्या माणसाने आमटीतल्या गुळाबद्दलसुद्धा कधी खोटं वाक्य दिलं नाही, तो माझ्यासाठी पंधरावीस मुलांसमोर खोटं बोलला होता आणि त्यांच्याकडून ते वदवूनही घेतलं होतं. नोकरी गेल्याची लाज यापुढे काहीच नव्हती. स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे आईनेही ऐकलं होतं. बाबा वर्गाला दुसऱ्यांदा म्हणायला सांगतील म्हणून मी वाट बघत होतो, कारण ते प्रत्येक वाक्य दोनदा म्हणवून घ्यायचे. त्याऐवजी एका मुलीचा आवाज आला.

तो आवाज मी ओळखला. ती वानखेडे, यवतमाळकडची, मी जायचो त्या सायबर कॅफेत दुपारपर्यंत काम करायची. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही सरांचे चिरंजीव ना, तुमचं नाक सेम सरांसारखं आहे. मी हो म्हटलं होतं आणि ती सरांच्याच संध्याकाळच्या बॅचला येते हे कळल्यावर गार पडलो होतो. पण इतक्या दिवसांत ती कुणाला काही बोलली नव्हती. बोलण्यासारखं त्यात काही आहे हेच तिला वाटलं नसावं. आताही तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता, तिला फक्त शंका होती.

"सर, मंग हे वाक्य बदलवा लागते न जी," ती म्हणाली. "दादा तं वापस आले."

वर्गात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी उठून उभा राहिलो होतो, कशासाठी ते माहीत नाही, कारण जायला जागाच नव्हती. बाबांच्या डस्टरचा आवाज आला. ते सावकाश, शब्द शब्द पुसत होते.

"आपलं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "वाक्य खोटं आहे. मला माहीत असताना मी दिलं. माफ करा." आणि मग आवाज जरासा चढवून, "मकरंद, बाहेर ये."

मी गेलो. बनियन आणि तिकडून आणलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी, दाढी वाढलेली, हातात उशी. ती उशी मी हातात घेऊन बाहेर आलो हे मला सगळ्यांचे डोळे तिच्याकडे गेल्यावर कळलं. निम्मी मुलं माझ्याच वयाची होती आणि ज्या अमेरिकेचं मी त्यांच्यासमोर जिवंत उदाहरण होतो तिथे जायचं म्हणून ती दिवसभर राबून इथे येऊन बसत होती. बाबा म्हणाले, की हा माझा मुलगा, याची नोकरी गेली, हा रजेवर आलेला नाही. एवढं मराठीत सांगून ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी लिहिलं, 'माय सन हॅज कम होम'. यात आज शिकवायचा शब्द कुठेच नव्हता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्गाने ते वाक्य म्हटलं. मी शेजारी उशी घेऊन उभा असताना पंधरावीस माणसं ते माझ्याकडे बघत म्हणाली. मग बाबांनी ते दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात तो एकच.

वर्ग सुटल्यावर मुलं चपला घालून गेली. वानखेडे दारात घुटमळली, तिला आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटत असावं. बाबांनी तिला नुसतं उद्या वेळेवर या म्हटलं. दुसरी बॅच आली, तिलाही बाबांनी तेच वाक्य दिलं, मी मात्र तोवर आत गेलो होतो. आई धुसफुसत होती. वर्ग संपून बाबा हात धुऊन ताटावर बसले तसं ती म्हणाली, की सोसायटीत आता तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही, चारचौघांत पोराला बनियनवर उभं केलंत, दोन महिने मी काय काय सांभाळून घेतलं. बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं. ताटात वरणभात होता, त्यावर त्यांनी तूप वाढून घेतलं. मी मान खाली घालून कालवत होतो. आता ते मला काहीतरी बोलणार, इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणार, आणि ते खरंच असणार.

"मी तुझ्याशी बोललो नाही," बाबा म्हणाले, "कारण मला लाज वाटत होती."

मी म्हटलं, माहीत आहे.

"नाही, तुला माहीत नाही." त्यांनी घास ताटात परत ठेवला. "तू येणार असं कळलं आणि मला आनंद झाला. इतका, की मी शिकवणी सोडून गच्चीवर जाऊन बसलो. पोराची नोकरी गेली, पोर रडवेलं होऊन बोलतंय आणि बापाला आनंद होतोय. असा कसा बाप असतो? तू समोर आलास की मला वाटायचं, हे याला माझ्या तोंडावर दिसेल."

आई हातात वरणाची वाटी घेऊन तशीच उभी होती. माझ्याने ताटातून वर बघवेना.

"मग ते वाक्य कशाला दिलंत?" तिने विचारलं. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

"हा पुन्हा जाईल, जायलाच पाहिजे," बाबा म्हणाले. "म्हणून सवय ठेवत होतो."

भात संपवून बाबांनी ताक मागितलं. आई ते आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मीच उठलो. ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि पदराने तोंड पुसत होती. माझी चाहूल लागली तशी मागे न बघता म्हणाली, की उद्या बाजारात जाऊन एक कॉट बघून ये, किती दिवस असा खाली झोपणार आहेस.